बदलीच्या गावातला रेडिओ

नोकरीनिमित्त सांगली, नाशिक किंवा रत्नागिरीहून बेंगळुरूला, हैदराबादला किंवा गुरुग्रामला गेलेल्या मंडळींचे रेडिओबद्दलचे प्रश्न साधारण एकाच धाटणीचे असतात. ‘आमचं केंद्र इथे कसं लागेल?’ ‘फोनमध्ये एफएम असतो म्हणतात, पण आमच्या फोनात सापडत नाही.’ ‘आईला सकाळी सातला रेडिओ लागतोच, आता काय करायचं?’ आणि सगळ्यांत जास्त वेळा, ‘इथे ऐकण्यासारखं काही नाहीच.’ पहिल्या तीन प्रश्नांना सरळ उत्तरं आहेत, ती पुढे दिली आहेत. चौथी तक्रार आहे आणि गोंधळ तिच्यातच आहे. आपण ‘चांगला स्थानिक रेडिओ’ म्हणतो तेव्हा दोन निरनिराळ्या गरजा एका दमात सांगत असतो. चांगला म्हणजे आपल्या सवयीचा, आपल्या बोलीतला. स्थानिक म्हणजे आपण राहतो तिथली खबर देणारा. गावी या दोन्ही गरजा एकाच बटणावर भागत होत्या, त्यामुळे त्या दोन आहेत हे लक्षात यायचं कारणच नव्हतं. गाव सुटलं की त्यांची फारकत होते. सवयीचा रेडिओ इंटरनेटवरून मागवता येतो. स्थानिक रेडिओ मागवता येत नाही, तो जिथे राहता तिथेच शोधावा लागतो. म्हणून दोन्हींची सोय वेगवेगळी करा, एकीकडून दुसरीचं काम करून घ्यायला जाऊ नका.

आधी नेमकं काय सुटलं ते ओळखा

कोणतंही ॲप उतरवण्याआधी किंवा दुकानात जाण्याआधी कागदावर एवढंच लिहा, की गावी रेडिओ कोणत्या वेळी लागलेला असायचा आणि तेव्हा त्यावर काय चालू असायचं. उत्तर बहुधा अपेक्षेपेक्षा वेगळं निघतं. ‘आमचा कोल्हापूरचा रेडिओ’ म्हणून ज्याची आठवण काढली जाते, त्यातला मोठा भाग कोल्हापूरचा नसतोच. ‘भूले बिसरे गीत’, ‘छायागीत’, ‘हवा महल’ हे विविध भारतीचे कार्यक्रम आहेत आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली ती सेवा देशभर पोचते. ती तुमच्या गावाची नव्हतीच, त्यामुळे ती हरवलेलीही नाही. उलट काही जणांच्या लक्षात येतं की गाण्यांपेक्षा जास्त आठवण येते ती निवेदकाने अधूनमधून सांगितलेल्या वेळेची. तिच्यावर डबे भरले जायचे, शाळेची रिक्षा पकडली जायची. आता हे चार कप्पे पाडा:

- घड्याळ : ठरलेल्या वेळी ठरलेला आवाज. हे काम कोणतंही केंद्र करू शकतं.
- बोली : मराठी निवेदन, नाट्यगीतं, ‘आपली आवड’सारख्या फर्माइशी, शेतीचे कार्यक्रम. यासाठी जुनं केंद्रच हवं.
- खबर : पाऊस, पाणी, वीज, रस्ते, दाखले, परीक्षा. यासाठी नव्या शहराचंच केंद्र हवं.
- सोबत : घरात कुणीतरी बोलत असल्याची भावना. ही कुठूनही मिळते, पण रुळायला वेळ लागतो.

ज्यांना फक्त बोली हवी आहे त्यांचं काम पुढच्या एका भागात होऊन जाईल. बाकीच्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

जुनं केंद्र : ॲपवरून काय मिळतं, काय नाही

आकाशवाणीची प्रादेशिक केंद्रं थेट ऐकण्यासाठी प्रसार भारतीचं ‘न्यूजऑनएअर’ हे ॲप आहे. त्यात देशभरातल्या दोनशेहून अधिक केंद्रांचं प्रसारण मिळतं, मुंबईची अस्मिता वाहिनी, पुणे, नागपूर आणि पणजीसुद्धा. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने ‘वेव्हज’ नावाचं दुसरं ॲप आणलं, त्यातही रेडिओ आहे. ‘न्यूजऑनएअर’ फुकट आहे आणि परदेशातूनही कामी येतं. केंद्र शोधताना नुसता ‘मराठी’ असा शोध घेऊ नका. राज्य निवडा, मग शहराचं नाव, आणि नावात झालेला बदलही ध्यानात ठेवा: एखादं केंद्र जुन्या नावाखाली असेल, एखादं नव्या.

डेटाची धास्ती अनेकांना असते, ती हिशेबाने घालवता येते. ६४ केबीपीएस दर्जाचा आवाज तासाला साधारण २९ एमबी खातो. रोज दोन तास ऐकलंत तर महिन्याला पावणेदोन जीबीच्या आसपास. व्हिडिओच्या मानाने हे काहीच नाही. फोनची बॅटरी मात्र उतरते, आणि स्क्रीन बंद झाल्यावर आवाजही बंद पडत असेल तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपवर लावलेलं बंधन काढावं लागतं. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

गावी ऐकत होतात ती खासगी एफएम वाहिनी ॲपवर का सापडत नाही, हाही नेहमीचा प्रश्न. कारण कायद्यात आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-ड नुसार रेडिओ वाहिन्यांना गाणी वाजवण्यासाठी ठरावीक दराने वैधानिक परवाना मिळतो. पण हे कलम इंटरनेटवरच्या प्रसारणाला लागू नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘टिप्स’ ही संगीत कंपनी आणि ‘विंक’ हे गाण्यांचं ॲप यांच्यातल्या वादात दिला. म्हणजे हवेतून वाजवलेलं गाणं नेटवर वाजवायचं तर वेगळी बोलणी, वेगळा खर्च. त्यामुळे खासगी वाहिन्यांच्या ॲपवर अनेकदा निवेदकाच्या गप्पांचे तुकडे मिळतात, सकाळचा अख्खा कार्यक्रम मिळत नाही. मग लोक ‘सगळी एफएम एकाच ठिकाणी’ अशा तिसऱ्याच कुणाच्या ॲपकडे वळतात. वळा, पण रेडिओ ऐकवायला ज्याला तुमचे संपर्क, संदेश आणि कॉलची यादी लागते ते ॲप लगेच काढून टाका. आवाज ऐकवण्यासाठी यातलं काहीच लागत नाही.

आता मर्यादा. ॲपवरचा आवाज हवेतल्या आवाजापेक्षा मागे असतो, कधी काही सेकंद, कधी अर्धा मिनिट आणि वर. घड्याळ लावायला तो उपयोगाचा नाही. आणि दुसरी, खरी मर्यादा: तुम्ही बेंगळुरूत बसून सांगली केंद्र लावलंत तर आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलंय ते तुम्हाला कळेल. काळजीपोटी ते ऐकावंही, माणसं तिकडे आहेत. पण तुमच्याच ऑफिसच्या वाटेवरचा भुयारी मार्ग पाण्याने भरलाय हे सांगली केंद्र तुम्हाला सांगणार नाही. सांगावं अशी अपेक्षाही नाही. ज्या घरात फक्त जुनं केंद्र वाजतं, त्या घराला पाचशे किलोमीटरवरच्या पावसाची पक्की माहिती असते आणि खिडकीबाहेरच्या पावसाची नसते. म्हणून जुन्या केंद्राला ठरावीक वेळ द्या. सकाळच्या बातम्या, रविवारची श्रुतिका, रात्रीची नाट्यगीतं, जे खरोखर आवडीचं आहे ते. दिवसभर मागे चालू ठेवायला ते लावू नका.

हवेतला रेडिओ : संच, जागा आणि खरखर

‘फोन असताना संच कशाला?’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण तो नेमका अडचणीच्या दिवशी कोसळतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, वीज गेली, मोबाइलचं जाळं कोलमडलं. अशा वेळी सेलवर चालणारा रेडिओ चालू राहतो, कारण त्याला तुमच्या गल्लीतला टॉवर लागत नाही आणि एका वेळी किती जण ऐकतात याने त्याला फरक पडत नाही. नव्या शहरात, जिथे शेजारी अजून ओळखीचे नाहीत, तिथे या गोष्टीचं मोल गावापेक्षा जास्तच आहे.

फोनमधल्या एफएमचं म्हणाल तर बऱ्याच फोनांत त्याची चिप असते, पण कंपनीने ती बंद ठेवलेली असते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल उत्पादकांना सूचना दिली, की फोनात एफएमची सोय असेल तर ती बंद करू नये. सूचनाच ती, सक्ती नव्हे. म्हणून नवा फोन घेताना दुकानातच विचारा आणि तारेचा इअरफोन लावून तिथेच वाजवून बघा. इअरफोनची तार हाच फोनचा अँटेना असतो. ब्लूटूथचे कानात घालायचे मणी लावून एफएम लागत नाही म्हणणाऱ्यांची अडचण हीच असते.

संच घेणार असाल तर एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्ही असलेला, सेल आणि वीज दोन्हींवर चालणारा घ्या. फक्त एफएमचा घेऊ नका, कारण आकाशवाणीच्या मूळ प्रादेशिक केंद्रांपैकी अनेक मीडियम वेव्हवर आहेत. बेंगळुरू ६१२ किलोहर्ट्झवर, हैदराबाद ७३८ वर. परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेला डिजिटल संच असेल तर एक खुंटी तपासा. भारतात मीडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत १० च्या. अमेरिकी मांडणीवर ठेवलेला संच ५८० वर थांबतो, मग ५९० वर उडी मारतो, आणि नागपूरचं ५८५ बरोबर मधल्यामध्ये सुटून जातं. बहुतेक चांगल्या संचांत ९ आणि १० मधला बदल करायची सोय असते. माहितीपुस्तिकेत ती शोधा आणि मगच संच बिघडलाय असं ठरवा.

जागेचंही असंच. सिमेंट-लोखंडाच्या इमारतीत आतल्या खोलीत संच ठेवलात तर लहरी भिंतीतच अडकतात. एफएमसाठी तो खिडकीशी न्या आणि दांडी पूर्ण ओढून काढा. मीडियम वेव्हला दांडीचा काही उपयोग नाही. तिचा अँटेना संचाच्या पोटात आडवा असतो, काळसर कांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. म्हणून केंद्र लावल्यावर अख्खा संच बशीसारखा सावकाश फिरवा. एका दिशेला आवाज भरतो, पाव वळसा पुढे गेला की विझतो. भरलेल्या जागी संच तसाच तिरका राहू द्या, शोभेसाठी सरळ करू नका. तरी भुणभुण येत असेल तर घरातले एलईडी दिवे, फोनचा चार्जर, इंटरनेटचा राउटर एकेक करून बंद करा. चोर बहुधा स्वस्तातला चार्जर निघतो.

आणि रात्रीची गंमत. दिवसा मीडियम वेव्ह जमिनीला धरून जाते, तिचा पल्ला मर्यादित असतो. अंधार पडल्यावर तीच लहर वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरते. म्हणून रात्री आठनंतर गच्चीत संच घेऊन बसलात तर मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर येते का ते पाहायला हरकत नाही. येईल, जाईल, मध्येच दुसरं केंद्र तिच्यावर चढेल. शिवाय आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत मीडियम वेव्हचे काही प्रक्षेपक बंद केले आहेत, त्यामुळे भरवसा ठेवू नका. पण ॲपवर खणखणीत ऐकलेलं तेच केंद्र गच्चीवर खरखरीतून ऐकताना मजा वेगळी येते, हे कबूल करावं लागेल.

नव्या शहराचं केंद्र : पंधरा दिवसांची कसोटी

‘इथे ऐकण्यासारखं काही नाही’ हा निकाल बहुतेक जण गाडीत दहा मिनिटं बटण फिरवून देतात. एवढ्यात फक्त खासगी वाहिन्या सापडतात, त्याही जाहिराती चालू असताना. गावातला रेडिओ तुम्हाला दहा मिनिटांत आवडला नव्हता, त्याच्यासोबत वर्षं गेली होती. नव्याला निदान पंधरा दिवस द्या. बेंगळुरूचं उदाहरण घेऊ, कारण मराठी घरांची वर्दळ तिथे मोठी आहे. तिथे आकाशवाणीचं मूळ केंद्र ६१२ वर, एफएम रेनबो १०१.३ वर आणि विविध भारती १०२.९ वर लागतं. आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची ‘रागम्’ ही चोवीस तासांची वाहिनी जानेवारी २०१६ पासून बेंगळुरूहूनच चालते. भाषा आडवी न येता ऐकण्यासारखं ज्यांना हवं आहे त्यांनी तिथून सुरुवात करावी. (‘आकाशवाणी’ हे नावदेखील कर्नाटकातलंच, १९३५ मध्ये म्हैसूरला एम. व्ही. गोपालस्वामी यांच्या खासगी केंद्राला ते होतं.) ९१.९ वर इंग्रजी वाहिनी आहे आणि ९०.४ वर ‘रेडिओ ॲक्टिव्ह’ हा सामुदायिक रेडिओ.

कसोटी अशी घ्या:

1. पहिले तीन दिवस फक्त नोंद. ८७.५ ते १०८ पर्यंत सावकाश जा, जे स्पष्ट लागतं त्याचा आकडा आणि भाषा वहीत लिहा. हे तुमच्या घरातून करा, गाडीतून नव्हे.
2. पुढचे दहा दिवस सकाळी सात ते नऊ आकाशवाणीचं प्रादेशिक केंद्र, संध्याकाळी घरी परतायच्या वेळी एखादी खासगी वाहिनी.
3. शेवटचे दोन दिवस दुपारची वेळ. सामुदायिक आणि विद्यापीठांचे रेडिओ तेव्हा तपासा.

भाषेचा आक्षेप इथे येतो, आणि तो खोटा नाही. कन्नड किंवा तेलुगू येत नसताना बोलका रेडिओ ऐकणं पहिल्या आठवड्यात कंटाळवाणं होतं. पण खबर कळण्यासाठी भाषा पूर्ण यावी लागत नाही, मोजके शब्द यावे लागतात, आणि त्यातले काही तुम्हाला आधीच येतात. कन्नडमध्ये हवामानाला ‘हवामान’च म्हणतात. ‘रजे’ म्हणजे रजा, सुट्टी. ‘रस्ते’ म्हणजे रस्ता, एकच असला तरी. ‘संचार’ म्हणजे वाहतूक. ‘नीरु’ पाणी, ‘विद्युत्’ वीज, ‘इवत्तु’ आज, ‘नाळे’ उद्या. आणि ‘मळे’ म्हणजे पाऊस, उसाचे नव्हेत. मुसळधार पावसात शाळांना उद्या सुट्टी आहे, हे वाक्य कळायला यापेक्षा फार काही लागत नाही. रेडिओचा निवेदक शब्द स्वच्छ आणि एका वेगाने उच्चारतो, पाण्याची वेळ रोज त्याच वाक्यात सांगतो. भाजीवाला किंवा रिक्षावाला एवढी सवलत देत नाही. नव्या भाषेचा इतका सोपा आणि फुकटचा वर्ग दुसरा मिळायचा नाही.

दुसरा आक्षेप: ‘खासगी एफएम सगळीकडे सारखंच, तेच नाव, तीच कर्कश बडबड.’ नाव आणि आकडा सारखा असतो हे खरं, त्यानेच फसायला होतं. ९८.३ किंवा ९३.५ गावी होतं तेच इथे लागतं म्हणून माणूस गावचाच आवाज अपेक्षितो आणि निवेदक कन्नडमध्ये बोलायला लागला की निराश होतो. बातम्यांच्या बाबतीत खासगी वाहिन्यांचे हात बांधलेले आहेत. स्वतःची बातमीपत्रं त्यांना देता येत नाहीत, आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी प्रसारित करायची मुभा आहे. पण २०११ च्या धोरणात एक दार उघडं ठेवलेलं आहे. वाहतूक, हवामान, पाणीपुरवठा, वीज, परीक्षा व निकाल, प्रवेश, रोजगार, स्थानिक उत्सव, आपत्तीचे इशारे या गोष्टी ‘बातमी’त मोडत नाहीत, त्या वाहिन्यांना सांगता येतात. नव्याने आलेल्या माणसाला नेमकं हेच हवं असतं. तेव्हा खासगी वाहिनी गाण्यांवरून जोखू नका. तासाभरात तुमच्या भागाचं, चौकाचं, उड्डाणपुलाचं नाव किती वेळा आलं ते मोजा. शून्य आलं तर तिला खुशाल वगळा.

सामुदायिक रेडिओकडे मराठी ऐकणारा सहसा फिरकत नाही, आणि हे नुकसान आहे. हे छोटे रेडिओ १०० वॉट क्षमतेचे असतात, दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत ऐकू येतात आणि निदान निम्मा कार्यक्रम त्यांनी स्थानिक पातळीवर तयार केलेला असावा असा नियम आहे. म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’, बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’ किंवा पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा प्रकार माहीत असेल. गुरुग्रामची ‘गुडगाव की आवाज’ २००९ पासून १०७.८ वर आहे आणि बाहेरगावाहून आलेले कामगार हा तिच्या श्रोत्यांचा मोठा भाग. म्हणजे स्थलांतरित हा इथे पाहुणा नसतो. शहरात असा रेडिओ आहे का, हे बघायला ९०.४, ९०.८, ९१.२, १०७.४ आणि १०७.८ हे आकडे आधी तपासा. मात्र तुमचं घर त्याच्या टापूबाहेर असेल तर तो दुर्बीण लावूनही लागणार नाही, तिथे हट्ट करू नका.

राहिला तिसरा आक्षेप, ‘रेडिओ आता संपत आलाय’. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. मरणाऱ्या माध्यमाचा लिलाव इतक्या शहरांत मांडत नाहीत. हो, मीडियम वेव्ह आटते आहे, तेवढं मान्य.

घरात वयस्कर माणूस असेल तर

मुलाकडे राहायला आलेल्या आई-वडिलांसाठी वरची सगळी विभागणी वेगळ्या तऱ्हेने करावी लागते. त्यांना नव्या शहराची खबर कमी आणि बोली जास्त लागते, आणि ती टचस्क्रीनवर बोट घासून नको असते. जुना, पडून असलेला फोन फक्त रेडिओसाठी राखून ठेवा. त्यात ‘न्यूजऑनएअर’शिवाय काही ठेवू नका, आवडतं केंद्र पहिल्या पडद्यावर आणा, तारेने छोट्या स्पीकरला जोडा आणि चार्जरला लावून एका जागी ठेवा. सकाळी लावायचा आणि रात्री बंद करायचा एवढंच काम उरलं पाहिजे. शेजारी एक साधा संच, त्याच्या आकड्यांच्या पट्टीवर इथल्या केंद्राच्या जागी नेलपॉलिशचा ठिपका. दोन्ही वस्तू दोन वेगळ्या जागी असू द्या, एक स्वयंपाकघरात, एक खिडकीत. एकाच टेबलावर ठेवल्यात तर खिडकीतलं कधीच लागणार नाही.

तुमचे हक्क

ऐकण्यासाठी परवाना लागत नाही. एकेकाळी संचाला पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे, ती पद्धत १९८० च्या दशकात संपली. पुढचं म्हणजे, प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. आणि प्रसार भारती कायद्याच्या बाराव्या कलमाने देशातल्या निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृती व भाषांना पुरेसं स्थान देणं हे प्रसार भारतीचं कर्तव्य ठरवलं आहे. म्हणजे तुमचं केंद्र ॲपवर दोन दोन दिवस गप्प राहत असेल तर तक्रार करणं हे उपकार मागणं नव्हे.

- केंद्रात बिघाड : आधी त्या केंद्राला लिहा. उत्तर नाही आलं तर केंद्र सरकारच्या ऑनलाइन तक्रार निवारण यंत्रणेत माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या नावे नोंद करा. तारीख, वेळ, आकडा आणि ऐकण्याची जागा लिहिली नाही तर तक्रार फिरत राहते.
- प्रक्षेपक बंद, वेळा कमी : माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘का बंद केलं’ असं विचारू नका, ‘बंद करण्याच्या आदेशाची प्रत द्या’ असं मागा.
- भाषेची मेख : हा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा अर्ज करता त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. बेंगळुरूहून मराठीत केलेला अर्ज अडू शकतो. गावच्या भावाला मराठीत करायला सांगा.
- खासगी वाहिनीवर आक्षेपार्ह मजकूर : आकाशवाणीची कार्यक्रम व जाहिरात संहिता त्यांनाही बंधनकारक आहे. तक्रार मंत्रालयाकडे करता येते.

लिहून काय होतं, असं वाटत असेल तर दोन दाखले पुरेत. १९५२ मध्ये माहितीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत हटलं, श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे वळवला आणि पाच वर्षांत आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. दुसरा ताजा आहे. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय झाला, त्यावर ओरड झाली आणि तो निर्णय थांबवावा लागला.

नव्या शहराच्या केंद्रालाही लिहा, फक्त तक्रारीचं नव्हे. फर्माइशीचं पत्र, एखादा कार्यक्रम आवडल्याची चार ओळींची नोंद, इंग्रजीत किंवा मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये चालेल. मराठी श्रोतेही ऐकतात हे केंद्राला अशा पत्रांतूनच कळतं, आणि एखाद्या सणाला मराठी गाणं लावायचं कारण त्यांना मिळतं. पत्राच्या खाली पत्ता लिहाल तो गावचा लिहू नका. इथला लिहा, पिनकोडसकट.